ठमाईचा पट्टा

थांबा, थांबा. ती गॅसची शेगडी पिशवीतून बाहेर काढू नका. आणि तुम्ही दादा, ती सिगारेट विझवा आधी. पायाखाली चिरडून भागणार नाही, पाणी ओता तिच्यावर आणि थोटूक खिशात घाला. राग मानू नका. मानलात तरी मला काही फरक पडत नाही, सत्तरी उलटली माझी. चैत्रातली दुपार आहे, दरीतून वारा चढायला लागलाय आणि तुम्ही गुडघाभर वाळलेल्या गवतात उभे आहात. तुम्हाला हा डोंगर सोनेरी दिसत असेल. फोटो छान येत असतील. मला तर नुसता पेंढा रचून ठेवल्यागत दिसतो.

आता खाली बघा. हा उघड्या तांबड्या मातीचा पट्टा दिसतोय ना? ह्या कड्यापासून त्या कड्यापर्यंत दोनशे पावलं लांब आणि चार हात रुंद. वर सगळं गवत, खाली सगळं गवत, आणि मधे ही बोडकी पट्टी. परवा एक जण म्हणाला, ट्रेकवाल्यांसाठी वाट केली का हो? वाट कसली डोंबलाची! कड्यावरून कड्यावर कुठं वाट जाते का? ह्याला ठमाईचा पट्टा म्हणतात. दर वर्षी शिमगा झाला की तो खरडायचा, झाडायचा, आणि ते काम पाटलाच्या घरानं करायचं. गड्याला लावायचं नाही, मजूर घालायचा नाही. स्वतःच्या हातानं. ते पाटलाचं घर म्हणजे आमचं. मला खाली कारवटवाडीत मानाजी पाटील म्हणतात. पाटीलकी कधीच गेली, हे खरडणं राहिलं. बसा सावलीला, का राहिलं ते सांगतो.

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी विचाराल तर सात पिढ्या म्हणतात, कुणी नऊ म्हणतात. तेव्हा आमच्या घरात शिदोजी पाटील होता. अंगापिंडानं उंच, आवाज मोठा, आणि मान म्हणजे जीव की प्राण. सगळ्या खोऱ्यात पहिला मान त्याचा. आणि त्यातला सगळ्यात मोठा मान होता पहिल्या काडीचा.

तुम्हाला राब माहीत आहे का? नाचणी, वरी, भात, ह्यांचं रोप करायच्या आधी त्या जागेवर टहाळ, पालापाचोळा, शेणी, गवत असं थरावर थर पसरतात, वरून माती टाकतात आणि भाजून काढतात. त्याला राब म्हणतात. जमीन तापते, तण मरतं, रोप तरारून येतं. पण राब भाजायचा कधी, तर पहाटे. दव पडलेलं असतं, वारा निजलेला असतो, आग धुमसत धुमसत आपल्या जागी बसते. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण गावची रीत अशी, की पहिली काडी पाटलाची. त्याचा राब पेटल्याशिवाय गावात कुणी आपला राब पेटवायचा नाही. मग त्याचा कधी का पेटेना!

त्या वर्षी शिदोजीच्या मुलाचं लग्न देशावरच्या बड्या घरात ठरलं. वऱ्हाड घेऊन तो माघात गेला तो गेलाच. लग्न झालं, मग मांडव परतणं, मग व्याह्याचा पाहुणचार, मग व्याह्याच्या भावाचा पाहुणचार. महिना गेला, दीड महिना गेला. इकडं फाल्गुन सरला. थंडगार पहाटा एकामागून एक वाया चालल्या होत्या. अख्ख्या गावाचे राब रचून तयार, आणि माणसं रोज पहाटे उठून त्या राबांकडं बघत बसायची. एकानं हात उचलला नाही. माझा जीव इथंच तडफडतो, सांगतो तुम्हाला. चाळीस घरांचा गाव, सगळे जाणते शेतकरी, डोळ्यांदेखत दव आटत चाललेलं दिसतंय, आणि काडी लावायला कुणी तयार नाही. का? तर पाटील जेवायला गेलाय.

आणि वर, ह्या माळावर, तेव्हा सात घरांचा धनगरवाडा होता. गवळी-धनगर. म्हशी पाळायच्या, लोणी गावात आणून द्यायचं, बदल्यात धान्य न्यायचं. त्यांच्यात ठमाई नावाची एक म्हातारी होती. नवरा लवकर गेलेला, बिरू नावाचा एकुलता एक मुलगा, आणि बिरूची बायको सगुणा. ठमाईला वारा कळायचा, असं सांगतात. त्यात जादू काही नव्हती. जन्मभर म्हशींमागं फिरून आलेलं शहाणपण ते. गवतावर दव किती, म्हशी दुपारी तोंड कुणीकडं करून उभ्या राहतात, घारी खाली उतरतात की वर जातात, ह्यावरून ती उद्याचा वारा आज सांगायची.

शेवटी चैत्र अर्धा सरल्यावर शिदोजी पाटील आला. एकटा नाही आला. व्याही, व्याह्याचे भाऊबंद, सगळी बडी मंडळी बरोबर. आणि आल्या आल्या दवंडी दिली, की उद्या जेवणं उरकली की पहिली काडी. दुपारी! का, तर पाहुणे उन्हं वर आल्याशिवाय उठायचे नाहीत, आणि त्यांनी आपला मान बघितला पाहिजे. पुरणपोळीचं जेवण, सनई-चौघडा, आंब्याखाली बैठक, आणि समोर राब पेटणार. तमाशा मांडला होता नुसता. धनगरवाड्यावरचे सगळे बापे वेठीला बोलावले, हातात ओले टहाळे घेऊन राबाभोवती उभं राहायला. त्यात बिरूही होता.

ठमाईला हे कळलं तशी ती दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगर उतरून खाली आली. पाहुणे विडे चघळत बसले होते. म्हातारी पाटलासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “पाटीलबाबा, आज नगा पेटवू. तीन दिस दव न्हाई. दुपारचा वारा दरीतनं वर चढतोय. उद्या दिस उगवायच्या आधी पेटवा.”

पाटील हसला म्हणे. “ठमे, म्हशी राखणाऱ्यांनी आता आम्हाला शेती शिकवायची का?”

तिनं बांधावरचं मूठभर गवत उपटलं, तळहातावर चुरगाळलं. त्याचं पीठ झालं. हात उघडला, तर ते पीठ सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उडालं आणि सरळ डोंगराकडं गेलं. “बघा,” ती म्हणाली. “हितं ठिणगी उडाली तर ती कुठं जाईल? वर आमची घरं हायेत. माझी सून बाळंत हाय, चौथा दिस. तिला उठता येत न्हाई. बापे समदे तुमी खाली आणलेत. मागं कडा, म्होरं हा उतार. आमी जावं कुठं? एक दिस थांबा, बाबा. एकच.”

एक दिवस! काय मागितलं होतं हो तिनं? जमीन मागितली नव्हती, धान्य मागितलं नव्हतं. दीड महिना गाव त्या माणसासाठी थांबला होता, त्याला एक रात्र थांबायला सांगत होती. पण पाहुणे बघत होते ना! पाटील म्हणाला, “व्याह्यांसमोर सनई वाजतेय आणि मी धनगरणीच्या सांगण्यावरून काडी मागं घेऊ? चालती हो.” आणि तिच्यासमोर त्यानं काडी लावली.

गावातला एकही माणूस बोलला नाही. बिरू टहाळा हातात धरून खाली मान घालून उभा राहिला. त्याला मी काय म्हणू, तो तर वेठीचा. पण बाकीचे? त्यांच्या तोंडात काय मिठाची गुळणी होती का? आमचेच पूर्वज सगळे, पण मला अजून त्यांचा राग येतो. येतोच.

ठमाई मागं न बघता डोंगर चढायला लागली. थोडा वेळ राब बरा जळला म्हणे. पाहुण्यांनी वाहवा केली. मग वारा उठला. राबातली एक पेटती शेणी उडाली, टहाळेवाल्यांच्या डोक्यावरून गेली आणि वरच्या कुसळी गवतात पडली. बस्स. माणसं धावेपर्यंत आग दहा हात वर, आणि टहाळे मारेपर्यंत शंभर हात वर. उतारावरचा वणवा पळतो, पोरांनो. खाली धावणारा माणूस वाचेल एक वेळ, वर धावणाऱ्याला तो गाठतोच. बिरू आणि बाकीचे धनगर वर धावायला गेले, पण धुराच्या लोटानं त्यांना मागं फेकलं. पाहुण्यांनी घोडी सोडली आणि ओढ्यापलीकडं जाऊन उभे राहिले.

ठमाई तेव्हा वर पोचत होती. तिनं आरोळी ठोकली. वाड्यात पाच बायका आणि एक आंधळा म्हातारा होता, आणि खोपीत सगुणा चार दिवसांच्या मुलीला छातीशी धरून पडलेली. पाणी म्हणाल, तर झरा होळीलाच आटला होता, गुडघाभर खड्ड्यात ओंजळ ओंजळ साचायचं. ठमाईनं कोयते, कुदळी, खुरपी, हाताला येईल ते बायकांच्या हातात दिलं आणि हा उतार दाखवला. ह्या कड्यापासून त्या कड्यापर्यंत गवत कापा, खरडा, माती उघडी करा. तोच हा पट्टा. आज आम्ही हा सात दिवसांत करतो, दम खात, चहा पीत. त्या बायकांनी तो किती वेळात केला असेल त्याचा विचार करा. वाऱ्याबरोबर आग वर येतेय, धुरात समोरचं दिसत नाही, आणि पाच बायका दात-ओठ खाऊन माती खरडताहेत.

पण नुसत्या पट्ट्यानं भागणार नव्हतं. आगीच्या जिभा चार हात सहज ओलांडतात. हे तिला माहीत होतं. तिनं चुलीतलं जळतं लाकूड आणलं आणि पट्ट्याच्या खालच्या अंगाचं गवत स्वतःच्या हातानं पेटवलं. बायका किंचाळल्या, की म्हातारीचं डोकं फिरलं. पण डोकं ठिकाणावर फक्त तिचंच होतं. वर चढणारी मोठी आग समोरची हवा आपल्याकडं ओढून घेते. ठमाईची आग त्या ओढीनं खाली सरकली, वीसेक पावलं गवत खाऊन गेली, आणि मोठी आग वर आली तेव्हा तिला खायला काही उरलं नव्हतं. दोन्ही आगी समोरासमोर भेटल्या आणि बसल्या.

एक जागा सोडून. ती डावीकडं घळ दिसतेय ना, तिथं तीस पावलं खरडायची राहून गेली होती. घळीतून वारा नळीतून यावा तसा येतो. आग तिथून वर घुसली. तेव्हा त्या बायकांनी घोंगडी घेतली आणि भिजवली. कशात? ताकात. पाणी नव्हतं, पण गवळ्याच्या घरात ताक होतं. ताक संपलं तेव्हा दूध ओतलं. घोंगडी झोडून झोडून आग मारली. बाकीच्या भाजल्या की मागं यायच्या, ठमाई मागं आली नाही. सगुणाच्या खोपीपासून तीन पावलांवर आग विझली असं सांगतात. घळीतल्या काळ्या खडकावर पांढरे ठिपके दिसतील तुम्हाला. त्यांना आम्ही ताकाचे शिंतोडे म्हणतो. मागं एक कॉलेजचे सर आले होते, म्हणाले हे दगडफूल आहे. असेल. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तुमचं दगडफूल घेऊन जा, शिंतोडे आमचे राहू द्या.

वाडा वाचला. बाकी काही वाचलं नाही. देवराई जळाली, गावाचा वर्षाचा चारा जळाला, उतारावरच्या गोठ्यात आठ गुरं दावणीला होरपळून मेली. आणि आता ऐका, माणूस किती खाली जातो ते. तिसऱ्या दिवशी शिदोजी पाटलानं देवळापुढं गाव गोळा केला आणि सांगितलं, की वणवा म्हातारीनं लावला! मी तिचं ऐकलं नाही, म्हणून सूड घेतला. खालून चार जणांनी तिला जळतं लाकूड घेऊन गवत पेटवताना बघितलं होतं, ते पुढं आले. खोटं काही नव्हतं त्यात, पेटवलं होतंच तिनं. पाटलाचा निवाडा झाला: धनगरांनी उद्या म्हशी घेऊन डोंगर सोडावा, पुन्हा ह्या खोऱ्यात पाऊल ठेवू नये.

म्हणजे बघा. ज्या घरांसाठी ती भाजली, तीच घरं आता पाटील तोंडानं जाळत होता.

बिरूनं आईला घोंगडीच्या झोळीत घालून देवळापुढं आणलं. हात-पाय भाजलेले, छाती भाजलेली, बोलणं कष्टानं. पाटलानं विचारलं, “तू पेटवलंस की नाही?” ती म्हणाली, “पेटवलं.” गाव गलबलला. मग ती म्हणाली, “आता दगडांस्नी इचारा.”

कुणाला काही कळेना. तिनं थांबत थांबत सांगितलं. आग ज्या अंगानं येते, त्या अंगानं दगड काळा होतो. पाठीमागचं अंग तसंच राहतं. “पट्ट्याखाली वीस पावलं दगड वरच्या अंगानं काळं हायेत, ती आग माझी. त्येच्या खाली जावा आन् बघत या.”

पाटील म्हणाला, हा चावटपणा आहे. पण देशावरचा व्याही उठला. म्हातारा होता, शेतकरीच होता. तो म्हणाला, बघायला काय हरकत आहे? मग गावालाही चालावं लागलं, आणि पाटलालाही.

सगळे वर चढले. पट्ट्याखालचे दगड बघितले. वीस पावलं वरच्या अंगानं काळे, तिनं सांगितलं तसे. त्याच्या खालचा पहिला दगड बघितला, तो खालच्या अंगानं काळा. पुढचा, खालच्या अंगानं काळा. त्याच्या पुढचा, तोही तसाच. राखेतून पाय टाकत, एकेक दगड बघत, अख्खा गाव डोंगर उतरत आला. जो दगड बघावा तो खालीच बोट दाखवत होता. शेवटी गवत संपलं, जळकी शेणी पडलेली सापडली, आणि त्याच्या खाली बांध लागला. त्या बांधाचा वरचा दगड आतल्या बाजूनं, राबाच्या बाजूनं, कोळशासारखा काळा होता. व्याह्यानं वाकून त्यावर बोट फिरवलं, ते काळं बोट सगळ्यांना दाखवलं आणि विचारलं, “पाटील, हा बांध तुमचाच ना?”

ज्याच्यासमोर मान मिरवायचा होता, त्यानंच विचारलं. शिदोजी पाटील त्या दगडाकडं पाठ करून उभा राहिला.

गाव मात्र आता बोलायला लागला. आता! तीन दिवसांनी तोंड फुटलं! पाटलाला हाकला, पागोटं काढून घ्या, पहिली काडी दुसऱ्या घराला द्या. तेव्हा ठमाईनं हात वर केला. ती म्हणाली, “काडी त्येच्याच घरात ऱ्हाऊ द्या. दुसऱ्याला दिलीसा तर त्यो बी असाच फुगंल. पर हितनं म्होरं काडी लावायच्या आधी पाटलानं पागोटं काढून वर यायचं आन् वाड्यातल्या बाईला इचारायचं. ती व्हय म्हणाली तर लावायची. न्हाई म्हणाली तर का म्हणून इचारायचं न्हाई. बरं म्हणायचं आन् खाली जायचं.” मग तिनं पाटलाकडं बघितलं. “म्हन. मला ऐकू दे.”

फार वेळ लागला म्हणे त्याला. एवढा बुलंद आवाजाचा माणूस, पण ओठ हलेनात. तिची मान झोळीत कलायला लागली होती. शेवटी त्यानं पागोटं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, “बरं.” ती त्याच संध्याकाळी गेली. पुढच्या वर्षी त्यानं सगुणाला विचारलं, आणि सगुणानंतर तिच्या त्या मुलीला. तिचं नाव ठमाईच ठेवलं होतं.

काही लोक सांगतात, की त्या दिवसापासून ह्या पट्ट्यावर गवत उगवतच नाही, सतीचं पुण्य आहे. खोटं कशाला बोलू? चांगलं मांडीएवढं उगवतं. माझ्या हातांचे घट्टे बघा. चमत्कारावर सोडलं असतं तर हा डोंगर केव्हाच जळाला असता. दोन वर्षांमागं समोरचा डोंगर जळाला बघा, तो काळा. बंगल्यासाठी जागा साफ करायची म्हणून कुणीतरी भर दुपारी पेटवून दिला. गवत जाळलं की पुढच्या साली जोमानं येतं, हेही आमच्यातलेच लोक सांगत फिरतात. आणि विचारलं तर म्हणतात, जागा आमची आहे, विचारायचं कुणाला? पाखरांची घरटी होती त्यात, भेकरं होती. तीन दिवस वास येत होता. मी जाऊन भांडलो, तर मला म्हणाले, आजोबा, बीपी वाढेल. वाढू दे की!

आजही राब भाजायच्या दिवसांत आमच्या घरचा कर्ता माणूस डोकं उघडं टाकून वर जातो. वाडा आता कुठला, पोरं पुण्या-मुंबईला गेली. एक सोनाबाई उरली आहे, दोन म्हशी घेऊन राहते. ठमाईच्या घराण्यातली सून. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान. मी जाऊन तिच्या दारात उभा राहतो आणि म्हणतो, बाई, पेटवू का? एका वर्षी तिनं सतरा दिवस नाही म्हटलं. सतरा दिवस मी चढलो आणि उतरलो. माझा मुलगा म्हणाला, फोन करा की तिला. मी त्याला म्हटलं, शिदोजीनं फोनवर बरं म्हटलं असतं का?

आणि रीत राबापुरती नाही. माळावर कसलीही आग पेटवायची असली तरी तिला विचारायचं. तुमची चूल असो, शेगडी असो. तुम्ही गाडीतून उतरलात तेव्हाच मी तुमचं सामान बघितलं, आणि तुम्ही नाश्ता करत होतात तेवढ्यात वर जाऊन आलो. पाहुणे आलेत, वर चहा-मॅगी करायची म्हणतात, करू देऊ का, असं विचारलं तिला. ती दारातच भाकरी खात बसली होती, कालची, थंड. तिनं गवत चुरगाळून बघितलं आणि नाही म्हणाली.

मी बरं म्हटलं आणि खाली आलो. आता तुम्ही काय म्हणता?